तोळा, शेर आणि निसाब : दरेकसा परिसराच्या संदर्भात जकातीच्या हिशेबाचा इतिहास

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील दरेकसा हे गाव महाराष्ट्र आणि छत्तीसगढ यांच्या सीमेवरील डोंगररांगेत वसलेले आहे. कचारगडच्या गुहांमुळे ते गोंड समाजाच्या श्रद्धेच्या नकाशावर, तर नागपूर-हावडा लोहमार्गावरील स्थानक आणि बोगदा यांमुळे व्यापाराच्या नकाशावर आले. एका बाजूस धानाच्या बांध्या आणि तलाव, दुसऱ्या बाजूस लाकूड, तेंदूपत्ता, लाख व मोहफुले देणारे जंगल आणि या दोहोंमधून गेलेला लोहमार्ग, अशी या परिसराची आर्थिक रचना आहे. इस्लाममधील जकातीचे, म्हणजे संपत्तीतून गरजूंसाठी सक्तीने काढावयाच्या वाट्याचे, व्यवहारातील बहुतेक प्रश्न अशा प्रदेशात एकाच वेळी उभे राहतात, कारण येथे शेतीचे उत्पन्न, चरणारी गुरे, विक्रीचा माल, उधारी आणि दागिने या संपत्तीच्या पाचही प्रकारांचा हिशेब वेगवेगळ्या नियमांनी होतो. जकातीचा मूळ दर, रोकड व व्यापारी मालाच्या चाळिसाव्या भागाचा, म्हणजे अडीच टक्क्यांचा, सातव्या शतकापासून बदललेला नाही. परंतु तो ज्या वजनांनी, नाण्यांनी आणि जमिनीच्या हक्कांनी मोजला गेला ती सर्व मापे बदलत गेली. जकातीचा हिशेब हा त्यामुळे धर्मशास्त्राइतकाच अर्थव्यवहाराच्या इतिहासाचाही विषय ठरतो.

जकात कोणी गोळा करावी, या प्रश्नापासून हा इतिहास सुरू होतो. आरंभीच्या इस्लामी राज्यात पिके, गुरे आणि वाटेने जाणारा व्यापारी माल यांवरील जकात शासन घेत असे. खलिफा उमर यांच्या काळात रस्त्यावरील नाक्यांवर नेमलेला ‘आशिर’ हा अधिकारी मुसलमान व्यापाऱ्याकडून चाळिसावा, राज्याच्या संरक्षणाखालील बिगरमुसलमान प्रजाजनाकडून विसावा आणि परराज्यातील व्यापाऱ्याकडून दहावा भाग घेई, असे फिक्हच्या, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राच्या, ग्रंथांत नमूद आहे. भारतात औरंगजेबाने १६६५ मध्ये मालावरील महसुलाचे दर मुसलमान व्यापाऱ्यांसाठी अडीच टक्के व हिंदू व्यापाऱ्यांसाठी पाच टक्के असे ठरवले आणि १६६७ मध्ये मुसलमानांना त्यातून सूट दिली. या दरांमागे तीच जुनी विभागणी होती. दख्खनमध्ये मात्र मालावरील जकात लवकरच धर्मनिरपेक्ष राजस्वाचे साधन बनली. कोकणातील मिठाचा व्यापार सावरण्यासाठी शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवण्याची आज्ञा कुडाळच्या सरसुभेदारास दिली, तेव्हा तिचा हेतू केवळ आर्थिक होता. पुढे नगरपालिकांच्या नाक्यांवर हीच जकात वसूल होत राहिली आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताना मुंबईतूनही ती उठली. शासनाची जकात अशी राजस्वात विलीन झाल्यावर धर्माची जकात देणाऱ्याच्या स्वतःच्या हिशेबावर सोपवली गेली, आणि पूर्वी अधिकारी जे मोजत असे ते आता प्रत्येक घराने आणि दुकानाने मोजावे, अशी स्थिती आली.

या हिशेबाची पहिली पायरी ‘निसाब’ ही आहे. ज्या किमान संपत्तीपासून जकात लागू होते ती मर्यादा म्हणजे निसाब. ती चांदीसाठी २०० दिरहम आणि सोन्यासाठी २० दीनार अशी ठरलेली आहे. दीनाराचे वजन एक मिस्काल धरले जाते आणि सात मिस्काल म्हणजे दहा दिरहम हे प्रमाण सर्वमान्य आहे. हनफी, म्हणजे अबू हनीफा यांना अनुसरणाऱ्या विधिपंथाच्या, ग्रंथांत मिस्काल शंभर जवांच्या दाण्यांइतका व दिरहम सत्तर जवांइतका सांगितला आहे. परंतु जवाचा दाणा आणि भारतातील सराफाची गुंज यांचा मेळ कसा घालायचा, यावर विद्वानांत मतभेद झाले. भारतात रूढ झालेल्या गणितानुसार मिस्काल साडेचार मासे, म्हणजे २० मिस्काल ९० मासे, आणि बारा माशांचा तोळा धरल्यास सोन्याचा निसाब साडेसात तोळे होतो. त्याच प्रमाणात चांदीचा निसाब ६३० मासे, म्हणजे साडेबावन्न तोळे, भरतो. लखनौच्या फिरंगी महल घराण्यातील अब्दुल हय लखनवी (१८४८–१८८६) यांचे गणित याहून बरेच कमी, चांदीसाठी छत्तीस तोळ्यांच्या आसपास, येत होते. पुढे देवबंद मदरशाच्या परंपरेतील मुफ्ती मुहम्मद शफी यांनी शरियतच्या वजनांवर स्वतंत्र पुस्तिका लिहून साडेबावन्न तोळ्यांचा पक्ष मांडला.

साडेबावन्न तोळे हा आकडा मान्य झाला तरी तोळा कोणता, हा प्रश्न उरलाच. ईस्ट इंडिया कंपनीने १८३३ मध्ये १८० ग्रेनचा तोळा प्रमाण मानला आणि रुपयाचे वजनही तेवढेच ठेवले. आजच्या मापाने ते सुमारे ११.६६४ ग्रॅम होते. या सरकारी तोळ्याने साडेबावन्न तोळे म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदी आणि साडेसात तोळे म्हणजे ८७.४८ ग्रॅम सोने भरते आणि देवबंदी परंपरेत हेच आकडे वापरले जातात. बरेलीचे अहमद रझा खान (१८५६–१९२१) यांनी मात्र बारा माशांचा जुना तोळा धरून इंग्रजी रुपयाचे वजन सव्वाअकरा मासे मानले. ६३० माशांना सव्वाअकराने भागले की नेमके ५६ रुपये आणि ९० माशांना भागले की नेमके आठ रुपये येतात. या रीतीने चांदीचा निसाब ६५३.१८४ ग्रॅम आणि सोन्याचा ९३.३१२ ग्रॅम होतो. आज महाराष्ट्रात रमजानमध्ये निघणाऱ्या वेगवेगळ्या पत्रकांत निसाबाचे जे दोन आकडे दिसतात त्यांचा उगम धर्मतत्त्वाच्या भेदात नसून एकाच नाण्याचे वजन मोजण्याच्या दोन पद्धतींत आहे. जुनी पिढी ‘छप्पन्न रुपये भार’ म्हणत असे तेव्हा तिला रुपयाचे मूल्य नव्हे, तर तराजूच्या पारड्यात टाकलेल्या रुपयांचे वजन अभिप्रेत होते.

रुपया हे वजनही आणि चलनही असल्याने त्याच्या प्रत्येक स्थित्यंतराने जकातीचा नवा प्रश्न निर्माण केला. १८० ग्रेनच्या या रुपयात अकरा-बारांश शुद्ध चांदी होती आणि ज्या नाण्यात चांदीचा अंश अधिक ते सर्व चांदीच समजावे या हनफी नियमाने त्याची गणना सोपी होती. १८९३ मध्ये टाकसाळी खासगी चांदीसाठी बंद झाल्या आणि रुपयाचे दर्शनी मूल्य त्यातील चांदीपेक्षा वर राहू लागले; १९४० मध्ये चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. दरम्यान, १८६१ च्या कायद्याने सरकारी कागदी नोटा आल्या होत्या. नोट ही स्वतः संपत्ती आहे की सरकारकडील येण्याची पावती, यावर उलेमांत, म्हणजे धर्मविद्वानांत, दीर्घ वाद झाला. देवबंदच्या आरंभीच्या फतव्यांनुसार, म्हणजे धर्मशास्त्रीय अभिप्रायांनुसार, ती पावती होती. त्यामुळे गरिबाला नोट दिल्याने जकात तत्काळ फिटत नसे, त्याने ती मोडून नाणी किंवा धान्य घेतले म्हणजे फिटे. अहमद रझा खान यांनी १९०६ च्या सुमारास मक्केत लिहिलेल्या अरबी पुस्तिकेत नोट ही स्वतंत्र मूल्याची वस्तू असल्याचे प्रतिपादन केले. नोटांमागील धातूचा आधार सुटल्यावर सर्वच पक्ष व्यवहारतः या निष्कर्षास आले आणि आज रोकड, बँकेतील ठेव व मुदतठेवीची मुद्दल यांवरील जकातीविषयी गंभीर मतभेद उरलेला नाही. व्याजाची रक्कम मात्र मुळातच आपली न मानता जकातीच्या हिशेबाबाहेर ठेवून वेगळी काढून टाकली जाते.

सोने आणि चांदी या दोन निसाबांमधील अंतर हा आजचा सर्वांत अवघड व्यावहारिक प्रश्न होय. मूळ काळात २० दीनार आणि २०० दिरहम यांचे मूल्य जवळजवळ सारखे होते, म्हणजे सोने चांदीच्या सुमारे सातपट महाग होते. केवळ उदाहरणादाखल चांदी ग्रॅमला १०० रुपये आणि सोने ग्रॅमला १०,००० रुपये धरले, तर चांदीचा निसाब ६१,२३६ रुपये आणि सोन्याचा ८,७४,८०० रुपये होतो, म्हणजे एकाच कायद्याच्या दोन मर्यादांत चौदा पटींहून अधिक फरक पडतो. ज्याच्याकडे केवळ सोने आहे, त्याला साडेसात तोळ्यांची मर्यादा लागू होते. परंतु थोडे सोने, थोडी रोकड आणि थोडा विक्रीचा माल असे मिश्रण असल्यास भारतातील बहुसंख्य हनफी विद्वान सर्वांची किंमत एकत्र करून चांदीच्या निसाबाशी ताडतात, कारण त्यात गरिबांचे हित अधिक आहे. परिणामी दोन तोळ्यांचे मंगळसूत्र किंवा पाटल्या आणि थोडी शिल्लक असलेले मध्यमवर्गीय घरही जकात देणाऱ्यांत मोडते. दागिन्यांबाबत महाराष्ट्रातच दोन परंपरा आहेत : विदर्भ-मराठवाड्यातील बहुसंख्य मुसलमान हनफी असल्याने अंगावरच्या दागिन्यांवरही जकात देतात, तर कोकणी मुसलमान शाफई पंथाचे असल्याने त्यांच्याकडे नेहमीच्या वापरातील वैध दागिने जकातीतून वगळले जातात.

निसाबानंतर ‘हौल’, म्हणजे संपत्तीवर पूर्ण चांद्रवर्ष उलटण्याची अट येते. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते आणि हिंदू पंचांगासारखा अधिक मास त्यात नसल्याने ते ऋतूंच्या मागे सरकत राहते. साधारण ३३ सौर वर्षांत एक हिजरी वर्ष जास्तीचे भरते. विदर्भातील व्यापाऱ्याच्या वह्या परंपरेने दिवाळीला बदलत आणि आता ३१ मार्चला बंद होतात. अशा सौर वर्षावर जो हिशेब करतो त्याने अडीचऐवजी सुमारे २.५८ टक्के द्यावेत, अन्यथा तेहेतीस वर्षांत एका वर्षाची जकात बुडते, असा नियम आधुनिक लेखापरीक्षणाच्या मानकांतही स्वीकारला गेला आहे. वर्षाच्या दोन्ही टोकांना निसाब पूर्ण असेल, तर मध्ये झालेली घट हनफी मतानुसार विचारात घेतली जात नाही.

व्यापारी मालाचा प्रश्न या परिसरात लोहमार्गाबरोबर ठळक झाला. १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूरहून छत्तीसगढकडे मीटर गेजचा सरकारी लोहमार्ग गेला; १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडे जाणाऱ्या अरुंद मार्गामुळे गोंदिया जंक्शन बनले. तांदूळ, लाकूड, लाख आणि पुढे बिडीसाठी तेंदूपत्ता यांचा व्यापार या मार्गाने वाढला. नागपूर आणि मध्य प्रांतातील व्यापारी मुसलमानांत कच्छी मेमनांचा वर्ग ठळक होता आणि रसेल व हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात त्यांची स्वतंत्र नोंद केली आहे. कच्छी मेमन वारशाच्या बाबतीत हिंदू रूढी पाळत आणि मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाने १८४७ मध्ये ती रूढी मान्य केली होती. १९२० च्या कायद्याने त्यांना शरियतचा वारसा पत्करण्याचा पर्याय दिला आणि १९३८ च्या कायद्याने तो सर्वांना लागू केला. याचा जकातीशी थेट संबंध होता, कारण हनफी शास्त्रात जकात कुटुंबावर किंवा पेढीवर नसून व्यक्तीच्या मालकीवर आहे. एका वहीत चालणाऱ्या सामाईक धंद्यात कोणाचा हिस्सा किती, मुलीला वाटा आहे की नाही, हे ठरल्याशिवाय कोण निसाबधारक आहे हे ठरत नाही.

मालाच्या मोजणीचा नियम असा की, विकण्याच्या हेतूने घेतलेली वस्तू वर्षअखेरच्या बाजारभावाने धरावी आणि उत्पादनाची साधने सोडून द्यावीत. धानाच्या राईस मिलमधील यंत्रे, इमारत आणि मालमोटार यांवर जकात नाही. गोदामातील धान, तांदूळ आणि विक्रीचा कोंडा यांवर आहे. महाराष्ट्रात १९६९ च्या वनोपज व्यापार नियमन कायद्यानंतर तेंदूपत्ता ठेकेदार शासनाकडून खरेदी करतो. त्याच्या गोदामातील पत्ता त्यामुळे पीक नसून व्यापारी माल ठरतो आणि त्यावर चाळिसावा भागच लागतो. ग्राहकांकडील वसूल होण्याजोगी उधारी मालकाच्या संपत्तीत मोजली जाते, स्वतः देणे असलेली रक्कम वजा होते. मजुरांना हंगामापूर्वी दिलेल्या उचलीचा प्रश्न अधिक नाजूक आहे : गरीब मजुराची उचल ‘जकात म्हणून माफ केली’ असे वहीत लिहिल्याने हनफी मतानुसार जकात फिटत नाही, कारण त्या क्षणी त्याच्या हाती काहीच गेलेले नसते, आधी रक्कम त्याच्या हवाली करावी, मग त्याने स्वेच्छेने कर्ज फेडल्यास ते ग्राह्य ठरते. मजुरी किंवा बोनस जकातीतून देणे तर सर्वथा अग्राह्य आहे, कारण जकात ही कोणत्याही कामाचा मोबदला असू शकत नाही.

पिकांवरील जकातीस ‘उश्र’, म्हणजे दशांश, म्हणतात. पावसाच्या पाण्यावर आलेल्या पिकाचा दहावा आणि खर्च करून पाणी दिलेल्या पिकाचा विसावा भाग असा तिचा दर आहे. तिला वर्ष उलटण्याची अट नाही, पीक हाती येताच ती देय होते. अबू हनीफा यांच्या मते यास किमान मर्यादाही नाही, तर त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी पाच वस्क, म्हणजे ३०० साअ (साअ हे धान्याचे जुने अरबी माप), ही मर्यादा धरली. गोंदिया-भंडारा हा तलावांचा प्रदेश असून कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिलेले आणि आज ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जाणारे माजी मालगुजारी तलाव येथील धानाला पाणी देतात. रोवणीपासून मळणीपर्यंत पीक मुख्यतः पावसावर आले असेल तर दशांश, पाणीपट्टी भरून किंवा पंपाने पाणी दिले असेल तर विसावा भाग, आणि दोन्ही असल्यास ज्याचा वाटा अधिक त्याचा दर, असा निर्णय होतो. बी, खत, मजुरी आणि कर्ज हनफी मतानुसार त्यातून वजा होत नाही. बटईच्या शेतीत मालक आणि कसणारा आपापल्या वाट्यावर उश्र देतात.

जमीन मुळात उश्रास पात्र आहे का, हा वाद वसाहतकाळात तीव्र झाला. जुने शास्त्र जमिनीचे ‘उश्री’ आणि ‘खराजी’ असे दोन वर्ग करते आणि दुसऱ्या वर्गावर उश्र नसून खराज हा भूमिकर असतो. मध्य प्रांतात १८६० च्या दशकातील जमाबंदीने मालगुजारांना मालकी हक्क दिले आणि १९५० च्या कायद्यानुसार १९५१ मध्ये ते संपुष्टात आले. भंडारा जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तर गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. या सर्व काळात सरकारला भरलेला शेतसारा धार्मिक उश्राची जागा घेत नाही, यावर उलेमा ठाम राहिले आणि ज्या जमिनीचा पूर्वेतिहास सांगता येत नाही तिच्या मुसलमान मालकाने सावधगिरी म्हणून उश्र द्यावे, हा कल बळावला. जंगलात आपोआप उगवणारे जळाऊ लाकूड, गवत आणि बोरू यांना उश्रातून वगळले आहे. गुरांबाबत ३० गाई-बैलांपासून एक वर्षाचे वासरू आणि ४० शेळ्यांपासून एक शेळी हा नियम आहे. परंतु तो वर्षाचा बहुतांश काळ मोकळ्या रानात चरणाऱ्या जनावरांसाठी असून नांगराच्या आणि गाडीच्या बैलांवर जकात नाही.

रमजानअखेरचा फित्रा ही वेगळी पण याच हिशेबाशी बांधलेली देणगी होय. हनफी मतानुसार ती प्रत्येक माणसामागे अर्धा साअ गहू, किंवा एक साअ जव, खजूर अथवा मनुका अशी आहे. अर्धा साअ म्हणजे ८० तोळ्यांच्या शेराने पावणेदोन शेर, म्हणजे सुमारे १.६३३ किलो, असे देवबंदी गणित आहे, तर अहमद रझा खान यांच्या १७५ रुपये आठ आणे भार या गणिताने तो सुमारे २.०४७ किलो होतो. १९५६ च्या वजनमापे कायद्याने शेर आणि तोळा गेले तरी या दोन परंपरा किलोग्रॅमच्या वेषात टिकल्या. धानाच्या प्रदेशात यातून एक खास प्रश्न निघतो. मूळ वचनात तांदळाचा उल्लेख नसल्याने हनफी माणसाने तांदूळ वजनाने नव्हे, तर अर्ध्या साअ गव्हाच्या किमतीइतका द्यावा लागतो. कोकणातील शाफई मुसलमान मात्र गावाच्या मुख्य अन्नाचा पूर्ण एक साअ देतात आणि तेथे ते अन्न तांदूळच आहे. एकच धान्य राज्याच्या पूर्व टोकाला किमतीने आणि पश्चिम टोकाला मापाने मोजले जाते.

जकात कोणाला द्यावी, हे कुराणाच्या नवव्या अध्यायातील साठाव्या आयतीने आठ वर्गांत सांगितले आहे : फकीर, गरजू, वसुलीचे सेवक, ज्यांची मने जुळवायची ते, दास्यमुक्ती, कर्जबाजारी, ईश्वराच्या मार्गातील कार्य आणि वाटसरू. आई-वडील, अपत्ये आणि पती-पत्नी यांना ती देता येत नाही. गरजू भाऊ, बहीण, काका किंवा मावशी यांना देणे मात्र दुप्पट पुण्याचे मानतात. हनफी शास्त्रातील ‘तमलीक’, म्हणजे घेणाऱ्याला पूर्ण मालक करणे, या अटीमुळे मशिदीचे बांधकाम, विहीर किंवा शिक्षकांचा पगार यांवर जकात थेट खर्च होत नाही. १८६६ मध्ये देवबंदचा मदरसा राजाश्रयाऐवजी लोकवर्गणीवर उभा राहिल्यानंतर उपखंडातील मदरसे जकातीचे मोठे घेणेकरी बनले. त्यांनी गरीब विद्यार्थ्यांचा निवास व भोजन हा तमलीकचा आधार मानला आणि रमजानमध्ये पावतीपुस्तक घेऊन फिरणारा ‘सफीर’ हा जुन्या वसुली सेवकाचा खासगी उत्तराधिकारी ठरला.

वाटपाचा दुसरा नियम स्थानिकतेचा आहे : जिथली संपत्ती, तिथले गरीब, आणि नातेवाईक किंवा अधिक गरजू असल्याखेरीज जकात दुसऱ्या गावी पाठवणे हनफी मतात अप्रशस्त मानले आहे. दरेकसासारख्या, जेथे लोकवस्ती मुख्यतः गोंड व इतर बिगरमुसलमान समाजांची आहे, अशा भागात हा नियम दुसऱ्या एका नियमाशी अडखळतो, कारण रूढ मतानुसार जकात गरीब मुसलमानालाच देय आहे. शास्त्राने यासाठी वाट ठेवली आहे : अबू हनीफा यांच्या मते फित्रा बिगरमुसलमान शेजाऱ्याला देता येतो आणि ऐच्छिक दानाला, म्हणजे सदक्याला, धर्माची मर्यादा नाही. अशा ठिकाणचा हिशेब म्हणूनच एका आकड्यावर थांबत नाही. जकात जवळच्या मोठ्या वस्तीतील पात्र व्यक्तींकडे आणि सदका दारातल्या शेजाऱ्याकडे, अशी त्याची दोन खाती पडतात.

शासनाने मोजणी सोडल्यापासून देणाऱ्याला स्वतःच आशिर, सराफ आणि कारकून व्हावे लागले आणि म्हणूनच तोळ्याच्या वजनापासून तलावाच्या पाणीपट्टीपर्यंतचे तपशील धर्माचरणाचा भाग बनले. या इतिहासाची व्यावहारिक शिकवण अशी की, जकातीच्या पत्रकावरील कोणताही आकडा स्वयंसिद्ध नसतो : तो कोणत्या तोळ्याने, कोणत्या धातूच्या निसाबाने, कोणत्या वर्षगणनेने आणि कोणत्या पंथाच्या मताने काढला, हे त्यासोबत लिहिले तरच तो तपासता येतो. एकदा स्वीकारलेली पद्धत दरवर्षी सोयीनुसार बदलू नये, हा उलेमांचा आग्रहही याच कारणाने आहे, कारण जेथे मोजणाराच देणारा असतो तेथे मापाचे सातत्य हेच गरिबाच्या हक्काचे एकमेव संरक्षण उरते.